अर्धी वाटी दूध आणि सुश्रुताचे एक सूत्र

हा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्याचा आरंभ माझ्या एका चुकीपासून होतो. सवड असेल तेव्हा वाचावा.

गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा मावसभाऊ जालना रस्त्यावर दुचाकीवरून पडला. हेल्मेट होते, पण हँडलला अडकवलेले. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. छत्रपती संभाजीनगरातल्याच एका रुग्णालयात त्याला दाखल केले, दातांभोवती तारा आवळून जबडा तात्पुरता स्थिर केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. आदल्या रात्री सोबतीला मी होतो. रात्री बारानंतर पोटात काहीही जाता कामा नये, असे परिचारिकेने बजावले होते आणि मी मान हलवली होती.

पहाटे साडेपाचला तो जागा झाला आणि पोटावर हात ठेवून त्याने भूक लागल्याची खूण केली. दोन दिवस त्याच्या पोटात सिरिंजने गालाच्या आतून सोडलेल्या पातळ पदार्थांखेरीज काही गेले नव्हते. मावशीने थर्मासमधून दूध पाठवले होते. ‘काहीही’ म्हणजे जेवण, दूध म्हणजे काही जेवण नव्हे, असा विचार करून मी अर्धी वाटी दूध हळूहळू त्याच्या तोंडात सोडले. त्याला बरे वाटले, मलाही.

साडेआठला भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी फाइल चाळली आणि सहज विचारावे तसे विचारले, “शेवटचं काय घेतलं, किती वाजता?” त्याला बोलता येत नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खरे ते सांगितले. त्यांनी फाइल मिटली.

“आज नाही करता येणार. उद्या घेऊ.”

मी म्हणालो, “मॅडम, फक्त अर्धी वाटी दूध होतं.”

“दूध पोटात गेलं की नासतं, घट्ट होतं. त्याला सहा तास लागतात. पाणी असतं तर दोन तास थांबले असते. याचं तोंड तारांनी बांधलेलं आहे. भूल चढताना उलटी झाली, तर ती जाणार कुठे?”

त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे अधिकच लागले. माझ्यामुळे त्या पोराला मोडक्या जबड्यानिशी आणखी एक रात्र काढावी लागली. आणि मला लाज वाटण्याचे कारण एवढेच नव्हते. त्यापूर्वी काही महिने याच ठिकाणी मी सुश्रुतावर एक धागा लिहिला होता. आपल्यापैकी अनेकांनी तो पुढे पाठवला. नाकाची पुनर्रचना, यंत्रे आणि शस्त्रे, भोपळ्यावर छेद घेण्याचा सराव, सारे त्यात होते. ते लिहिताना वाचलेल्या एका सूत्राकडे मात्र मी दुर्लक्ष केले होते. ते सूत्र नेमके या दुधाविषयी होते, असे म्हणायला हरकत नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाची तयारी कशी करावी, याविषयी दोन ठिकाणी सूचना आहेत. सतराव्या अध्यायात म्हटले आहे, त्याचा आशय असा: शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घालावे, म्हणजे त्याला मूर्च्छा येणार नाही, आणि ज्याला वेदना सोसवत नसेल व मद्याची सवय असेल, त्याला तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे त्याला शस्त्राची जाणीव होणार नाही. भुलीच्या इतिहासावरील लेखांत हा भाग हमखास येतो, माझ्याही धाग्यात आला होता. परंतु त्याआधी, पाचव्या अध्यायात, एक अपवाद नोंदवलेला आहे. मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर आणि मुखरोग या विकारांत रुग्णाने काही खाल्लेले नसतानाच कर्म करावे.

मुखरोग या यादीत का आहे? पोट, गुद, मूत्राशय यांच्याशी संबंधित विकारांत पोट रिकामे हवे, हे सहज उमगते. तोंडाचे काय? सूत्र कारण देत नाही, आणि आजच्या भूलशास्त्राचे सारे ज्ञान त्या एका शब्दात भरणे हा इतिहास नव्हे, हौस होय. पण तोंडात शस्त्र चालवताना माणसाला उमासा येतो आणि भरल्या पोटाचा माणूस ओकतो, एवढे तर कोणाही अनुभवी वैद्याला ठाऊक असणार. ओकारी आणि रक्त एकाच वेळी घशात उतरले तर काय होते, हेही त्याने पाहिले असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथात वेदनेसाठी मद्य आहे आणि तोंडाच्या रोग्यासाठी उपास आहे. पहिली गोष्ट मी मोठ्या अभिमानाने सांगितली होती, दुसरी गाळली होती.

त्याच ग्रंथातील नाकाच्या शस्त्रकर्मातही ही काळजी दिसते. झाडाचे पान नाकाच्या मापाचे कापून घ्यायचे, त्या मापाने गालाची त्वचा सोडवायची, ती एका बाजूने जोडलेलीच ठेवायची, नाकाचा उरलेला भाग खरवडून त्यावर बसवायची. आणि हे करताना दोन नळ्या आत ठेवायच्या. नवे नाक त्यांच्या आधाराने उभे राहते आणि रुग्ण त्यांतून श्वास घेतो. चेहऱ्यावर शस्त्र चालवणाऱ्याला वेदनेच्या आधी वायूचा मार्ग पाहावा लागतो, ही गोष्ट या दोन नळ्यांत मला प्रथम दिसली. या धाग्यात पुढे जे येईल ते याच नळ्यांच्या मागे मागे जाते.

एक गोष्ट येथेच उरकून घेतो, कारण प्रतिसादांत ती हमखास येईल. भोज राजाला ‘मोहचूर्णा’ने बेशुद्ध करून त्याच्या कवटीतून मासा काढल्याची कथा आपल्याकडे भुलीचा पुरावा म्हणून सांगितली जाते. ती ‘भोजप्रबंधा’तील आहे. भोज अकराव्या शतकातला आणि प्रबंध सोळाव्या शतकातला. त्या कथेत शस्त्रक्रिया करणारे वैद्य म्हणजे वेष पालटून आलेले अश्विनीकुमार आहेत. अशी कल्पना लोकांच्या मनात होती, यास ती कथा साक्षी आहे. अशी शस्त्रक्रिया झाली, यास नव्हे.

ज्या शस्त्रक्रियेला खरोखर साक्षीदार आहेत, ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर एक मराठा गाडीवान होता, जातीने शेतकरी, बैल हाकणारा. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘कावसजी’ असे उतरले आहे. १७९२ मध्ये तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. बारा महिन्यांहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा भाजण्याचा धंदा असलेल्या जातीच्या एका माणसाने, म्हणजे आपण ज्याला कुंभार म्हणू अशाने, त्याला नवे नाक करून दिले. ही क्रिया प्रत्यक्ष पाहिलेले मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज वैद्य होते. तिचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आले.

वर्णन फार नेटके आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी कपाळाची त्वचा सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच राखायची, कारण रक्त त्या वाटेने येते. जुना व्रण खरवडून कडेला चीर द्यायची, त्वचा अर्धी पिळून खाली आणायची आणि त्या चिरेत बसवायची. त्यावर काय? कात. विड्यातला कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर माखायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवायच्या. चार दिवस दुसरे काही नाही. नंतर तुपात भिजवलेली कापडे. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे, म्हणजे त्या मिटणार नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती अरुंद पट्टी कापून टाकायची.

सुश्रुताने गालाची त्वचा घेतली होती, येथे कपाळाची आहे. नळ्यांच्या जागी दहाव्या दिवशीचे कापड आहे. परंपरा अखंड होती की वाटेत तिने वळणे घेतली, हा वेगळा वाद आहे.

मला या वर्णनात खटकते ते दुसरेच. त्यात वेदनेविषयी एक अक्षर नाही. मद्य दिले, भांग दिली, अफू दिली, काही नाही. जिवंत माणसाच्या कपाळाची त्वचा सोलून काढली जात आहे आणि लिहिणारा मेणाच्या जाडीविषयी लिहितो. अर्थात १७९४ च्या लंडनमध्येही पाय कापून घेणारा माणूस शुद्धीवरच असे, तेव्हा वाचकाला त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. पण भूलतज्ज्ञ बाईंचा प्रश्न डोक्यात ठेवून तेच वर्णन पुन्हा वाचले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो गाडीवान शुद्धीवर होता म्हणूनच वाचला असावा. रक्त घशात उतरले की शुद्धीवरच्या माणसाला खोकला येतो, तो थुंकतो, मान वळवतो. त्याचा श्वास तोच राखतो. त्याला कोणी गाढ बेशुद्ध केले असते आणि श्वासाची दुसरी सोय केली नसती, तर कदाचित नाक जमले असते आणि माणूस गेला असता.

या गाडीवानाचे चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९४ मध्ये काढले. पुढल्या वर्षी त्याची छापील प्रत निघाली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची प्रसिद्ध चित्रे काढणारा तो हाच वेल्स. आणि आपल्या शहराशी त्याचा धागा जुळतो तो असा, की त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. तो १७९५ मध्ये वारला. त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने केलेली चित्रे १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. आमच्या घरापासून वेरूळ तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील नाक तुटलेल्या मूर्तींपुढे उभे राहिलो की मला त्या चित्रकाराची आठवण होते. ज्या हाताने त्या मूर्ती कागदावर उतरवल्या, त्याच हाताने कुंभाराने बसवलेले नाकही उतरवले.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ती हकीकत वाचून १८१४ मध्ये कपाळाच्या त्वचेचे नाक करून पाहिले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याचेही रुग्ण भुलीविनाच. भूल यायला अजून तीस वर्षे होती.

आणि ती आली दाताच्या वाटेने. हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स (आपल्या चित्रकाराचा याच्याशी काही संबंध नाही) याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हास्यवायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनच्या वैद्यांसमोर त्याने प्रयोग केला, रुग्ण कण्हला आणि वेल्सचे हसे झाले. त्याचा एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्यच. त्याने ३० सप्टेंबर १८४६ रोजी ईथरने एकाचा दात काढला आणि १६ ऑक्टोबरला बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयात ज्याला भूल दिली, त्याच्या जबड्याखालची गाठ काढायची होती. पुढच्याच वर्षी, २२ मार्च १८४७ रोजी, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर वापरले गेले. टपाल जहाजाने येत होते हे ध्यानात घेतले, तर हा वेग थक्क करणारा आहे.

पण ज्या क्षणी रुग्ण झोपला, त्या क्षणी त्याचा श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी जबाबदारीत आला. ती जबाबदारी म्हणजे काय, हे कळायला शंभर वर्षे लागली आणि पुष्कळ माणसे गेली. ईथरच्या पाठोपाठ १८४७ च्या अखेरीस क्लोरोफॉर्म आले. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. मोठ्या शस्त्रक्रियेत तगणारे रुग्ण दात काढताना, नख काढताना, खुर्चीवर बसल्या बसल्या दगावू लागले. याचे कोडे कोणालाच उलगडेना. श्वास आधी थांबतो की हृदय?

या वादाचे एक मोठे प्रकरण निजामाच्या हैदराबादेत घडले आणि तेव्हा आपले औरंगाबाद त्याच राज्यात होते. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले. त्यांचे म्हणणे असे, की क्लोरोफॉर्म देताना नाडी पाहू नका, श्वास पाहा; श्वास सांभाळला तर हृदयाला काही होत नाही. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, या प्रश्नासाठी आपली तिजोरी उघडली. १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ करून त्यांचाच प्रतिनिधी बोलावला आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला: श्वास आधी थांबतो. हैदराबादच्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी त्या काळात तेथे क्लोरोफॉर्म देत असत. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. त्यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

लॉरी अर्धे बरोबर होते. श्वासावर नजर ठेवा, हा त्यांचा आग्रह आजही प्रत्येक शस्त्रक्रियागृहात पाळला जातो. पण हृदयाविषयी ते चुकले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल पुरती चढलेली नसताना शरीरात ॲड्रेनलिन उसळले, तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. आता ते कोडे पुन्हा पाहा. दात काढायला आलेला, खुर्चीत ताठ बसलेला, भयाने घामाघूम झालेला माणूस. लहानसेच काम म्हणून त्याला अर्धवट भूल दिलेली. मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला गाढ भूल मिळत होती, याला मिळत नव्हती. पुष्कळ वेळा त्याचा जीव घेण्यात भीतीचाही हात होता.

म्हणून भुलीच्या आधीची औषधे केवळ लाड नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लोरोफॉर्मच्या आधी मॉर्फिन देण्याची रीत आली, भीती आणि वेदना दोन्ही आवरण्यासाठी. तिच्या जोडीला ॲट्रोपिन आले. ईथरने तोंडाला पाण्याच्या धारा लागत आणि ती लाळ घशात उतरे. ॲट्रोपिनने लाळ आटते. शिवाय मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूला चेतवले की हृदय मंदावते, तेही या औषधाने रोखले जाते. ॲट्रोपिन बेलाडोनापासून मिळाले, आणि बेलाडोनाच्या कुळात आपला धोतरा आहे. वांगे आणि मिरचीही त्याच कुळातली. धोतऱ्याचे बी खाऊ घालून वाटसरूला लुबाडणाऱ्यांच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या आहेत. तोंडाला कोरड, मोठ्या झालेल्या बाहुल्या, बरळणे. (कोणी प्रयोग करू नये. धोतऱ्याच्या विषबाधेने माणूस मरतो.) त्याच गुणधर्मातली कोरड मोजून मापून भूलतज्ज्ञांनी कामाला लावली.

आता पुन्हा नळीकडे. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेले सैनिक इंग्लंडात सिडकप येथील क्वीन्स हॉस्पिटलमध्ये आणले जात. तेथे हॅरल्ड गिलीज त्यांचे चेहरे पुन्हा उभे करत होते, आणि त्यांच्या हत्यारांत कपाळाच्या त्वचेचे ते जुने तंत्रही होते. अडचण अशी, की ईथरचा मुखवटा ठेवायला चेहराच मोकळा नव्हता. शल्यविशारदाला जेथे काम करायचे, तेथेच भूलतज्ज्ञाचा हात. बारीक नळीने घशात ईथर फुंकले, तर रुग्णाचा उच्छ्वास ईथर आणि रक्ताचे थेंब घेऊन शल्यविशारदाच्याच तोंडावर येई. आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम या दोघांनी यावर तोड काढली. त्यांनी श्वासनलिकेत जाड रबरी नळी उतरवली, तीतून श्वास आत-बाहेर जाऊ लागला. मॅगिल साध्या रबरी नळीच्या वेटोळ्यातून हवे तसे वाकलेले तुकडे कापून घेत आणि ते नाकावाटे, न पाहता, केवळ श्वासाच्या आवाजावर कान ठेवून आत सरकवत. आज पोटाच्या, हृदयाच्या, कसल्याही मोठ्या शस्त्रक्रियेत जी नळी वापरतात, तिचा जन्म चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत झाला.

जागा बधिर करण्याची कथा निराळी आहे, ती थोडक्यात. १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड व त्याच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याची नस बधिर केली. त्या प्रयोगांत हॉलस्टेड स्वतः कोकेनच्या आहारी गेला. पुढे नोव्होकेन आले आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. ते बाजारात आले १९४८ साली, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला त्याच वर्षी. दाढ काढताना हिरडीत जे इंजेक्शन मिळते, ते बहुधा त्याचेच. त्यात रुग्ण जागा असतो, आपला श्वास आपण राखतो. त्या गाडीवानाला हेच मिळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मावसभावाने बारानंतर काही घेतले नाही. पहाटे त्याने पुन्हा पोटावर हात ठेवला, मी नकारार्थी मान हलवली आणि दोघेही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. सातच्या सुमारास बाई आल्या. पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच सहजपणे. मी उत्तर दिले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मग त्याच्याकडे वळून विचारले, “खरं का?” त्याने बोटाने होय केले. मग एक इंजेक्शन लाळ आटवण्यासाठी, एक भीती घालवण्यासाठी. पाच मिनिटांत त्याचे डोळे जड झाले.

नळी नाकातून घालणार, हे त्यांनी आदल्या दिवशीच समजावले होते. वरचे आणि खालचे दात एकमेकांत नीट बसवून मगच जबड्यावर पट्ट्या आवळायच्या असतात, तोंडात नळी असेल तर दात मिटणार कसे? घशात कापसाच्या जाळीची घडी ठेवतात, म्हणजे रक्त खाली उतरत नाही. ती शेवटी आठवणीने मोजून काढायची. शस्त्रक्रिया तीन तास चालली. मी बाहेर बाकावर बसून मोबाइलवर सुश्रुतावरचा माझाच जुना धागा काढला आणि त्यात ते सूत्र जोडावे की नवा धागा लिहावा, याचा विचार करत राहिलो. मावशी शेजारी जपमाळ घेऊन बसली होती. दुधाविषयी ती मला तेव्हाही काही बोलली नाही आणि नंतरही नाही.

दुपारी तो वॉर्डात आला. दात तारांनी आवळलेले, नाकाला सूज. संध्याकाळी त्याला लिहायला कागद दिला. त्याने लिहिले, “दादा, मला आत कधी नेलं?” भीती घालवणाऱ्या त्या औषधाने इंजेक्शननंतरचे सारे पुसून टाकले होते. त्याला ट्रॉलीवर घेतले, मावशीने कपाळाला हात लावला, यांतले काहीच त्याला आठवत नव्हते.

रात्री परिचारिकेने त्याच्या उशाशी एक पक्कड आणून ठेवली. तारकामाची, लहान तोंडाची. मी विचारले, ही कशाला? तिने सांगितले, उलटीचा उमासा आला तर आम्हाला हाक मारायची, आणि आम्ही पोचेपर्यंत थांबायचं नाही. मग तिने बॅटरीचा उजेड पाडून कोणत्या चार तारा कापायच्या ते मला दोनदा दाखवले आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून बोट ठेवून म्हणवून घेतले. त्या रात्री मी झोपलो नाही.